माझ्या पायांचा नवस

गेल्या थंडीपासून माझे गुडघे धरलेत. उठताना ते कुरकुरतात, बसताना ते कुरकुरतात आणि मधल्या वेळात मी कुरकुरते. सुनेनं डॉक्टरला दाखवलं. त्यानं फोटो काढला, उजेडाला धरून बघितला आणि म्हणाला, "मावशी, वय झालं, दुसरं काय." बरोबरच आहे त्याचं. पण खरं सांगते, पहिल्या दिवशी मोरीपाशी पाय आखडला तेव्हा माझ्या मनात वय आलं नाही. गावच्या पाळकांच्या बायकोचा, बाईचा आवाज आला. देवाला दिलेलं जो परत घेतो, त्याच्याकडून देवही परत घेतो. बाई मातीत जाऊन किती वर्षं झाली, तिच्या कबरेवरचा चुना उडाला, तरी तिचं हे वाक्य अजून माझ्या मोरीत दबा धरून बसलेलं. मला इतका संताप आला की त्या संतापातच भिंतीला धरून उभी राहिले आणि राहिलेली भांडी घासली. सून म्हणते, आत्या, कुणावर चिडलात? तिला काय सांगू. म्हणून इथं लिहिते.

आधी पाय कसे गेले आणि कसे आले ते सांगते. आमचं गाव केजच्या अलीकडं, जीप जिथं कच्च्या रस्त्याला लागते तिथून आत. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतलेला, त्यामुळं आबा, म्हणजे माझा बाप, जन्मापासून ख्रिस्ती. माय लग्न होईपर्यंत हिंदू होती. जात एकच, सोयरीक जुनी, तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. लग्नाच्या आदल्या रविवारी तिनं बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं आणि झाली ख्रिस्ती. लहानपणी ती तिच्या आईच्या कडेवर बसून नारायणगडाच्या यात्रेला जायची. नवस बोलायचा, फेडायचा, राहिला तर देव घरात काहीतरी आडवं घालतो, हे तिच्या अंगात दुधाबरोबर गेलेलं. देव बदलला, पण देवाशी बोलायची तिची रीत बदलली नाही. येशूला ती 'येशूबापा' म्हणायची आणि त्याच्याशी बाजारात बोलावं तसं बोलायची. एवढं दे, मी एवढं करते.

दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला जायचो. फडाजवळ पाचटाच्या कोप्या, कोप्यांपुढं चुली, चुलीत उसाचं वाळलेलं पाचट, त्याचा गोडसर धूर कपड्यांना, केसांना, भाकरीला लागलेला. पहाटे अंधारात कोयत्यांचा आवाज सुरू व्हायचा. कचाकच, कचाकच. मी गोधडीत पडून त्या आवाजातून मायचा कोयता कुठला ते ओळखायचे. तिचा घाव जरा घाईचा असायचा. सकाळी ती यायची ती हातावर पानांचे चरे घेऊन, आणि त्याच हातांनी बाजरीची भाकर थापायची, वर शेंगदाण्याची चटणी, तेलाचं बोट. एवढी चव पुढं पाळकांच्या बंगल्यावरच्या अंड्यापावाला कधी आली नाही. तिथंच एका तोडीत मला ताप भरला. ताप उतरला तेव्हा कमरेखाली काही उरलं नव्हतं. माय मला उभं करायची आणि मी ओल्या धडुत्यासारखी खाली यायचे. तिनं तोड अर्धी टाकली आणि मला पाठीवर घेऊन एस्टीनं अंबाजोगाई गाठली.

दवाखान्यात आम्ही लई दिवस काढले. वॉर्डात एक मोठी सिस्टर होती. उंच, दणकट, कपाळाला ठसठशीत टिकली, तोंड एकदम फटकळ. ती रोज येऊन माझे पाय चोळायची, वाकवायची, ताणायची. मी रडले की म्हणायची, "रड, पण पाय हलव. रडायला कुणी मना केलंय?" दुखण्याला तिची हरकत नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं मला जी माणसं भेटली त्यांची दुखण्याला फार हरकत होती.

आणि त्याच दवाखान्यात आमचे पाळकसाहेब आले. गावातल्या प्रार्थनामंदिराचे ते पाळक. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, हळू चालणारे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हाताला घाम होता, पण जड नव्हता तो हात. त्यांचं आमेन व्हायच्या आधीच माय पलंगाच्या पायथ्याशी वाकली आणि मोठ्यानं बोलली, "येशूबापा, माझ्या लेकराला पाय दे. दिलेस तर तुझ्याच दारात सोडीन तिला, जलमभर सेवा करंल." साहेबांनी डोळे उघडले. म्हणाले, "असं बोलू नका, बाई. तो मोबदला मागत नसतो." एकदाच म्हणाले आणि तेही हळूच. मायला ते ऐकूच गेलं नाही, किंवा गेलं आणि तिनं मनावर घेतलं नाही. देव मोबदला मागत नाही, ही गोष्ट तिच्या समजेतच बसणारी नव्हती. असा कुठला देव असतो?

पाय आले. हळूहळू आले. आधी अंगठे हलले, मग सिस्टरच्या काखेत लटकून उभी राहिले, मग काठीनं चालले. पण गावानं पाहिलं ते निराळं. गावी आल्यावर पहिल्याच रविवारी, गीत चालू असताना, मी काठी टाकून उभी राहिले आणि दारापासून पुढं वेदीपर्यंत गेले. बायका रडायला लागल्या. ढोलकीवाल्याचा हात थांबला. मला स्वतःला अंगातून ऊन वाहतंय असं वाटलं. तो क्षण खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. सिस्टरनं बरं केलं का येशूनं, असं मला लोक विचारतात. मी म्हणते, तिचे हात कुणाचे होते मग? त्याच्याशी माझं भांडण नाहीच. त्यानं फुकट दिलं. वसुलीला माणसं आली.

मायनं सुतारमामाला सांगून बाभळीचे दोन पाय करून घेतले. वीतभर लांबीचे, बोटं कोरलेले, एकाला नखंसुद्धा होती. देवाला डोळे बरे झाल्यावर डोळे वाहतात, मूल झाल्यावर पाळणा वाहतात, तसे तिनं पाय वाहायला आणले. हळदकुंकू तेवढं लावलं नव्हतं, इतकी अक्कल तिनं शाबूत ठेवली होती. नारळ मात्र होता. उपासना सुटल्यावर ती ते ताटात घेऊन पाळकांच्या बंगल्यावर गेली, मी आणि आबा मागोमाग. साहेब कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. असलं काही आमच्यात करत नाहीत हे तिला कसं सांगावं ते त्यांना कळेना. तेवढ्यात आतून बाई आल्या. साहेबांची बायको. त्या नगरकडच्या, शिकलेल्या, स्वच्छ बोलणाऱ्या, पांढरी सुती साडी आणि पायात घरातसुद्धा चपला. त्यांनी एक पाय उचलून उलटासुलटा बघितला आणि हसल्या. हसू चांगलं होतं त्यांचं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाल्या, "रखमाबाई, लाकडाचे पाय घेऊन आम्ही काय करू? द्यायचेच तर खरे द्या."

माय म्हणाली, "द्यायलाच आणलेत, बाई. बोललेच हाय मी तसं."

साहेब काहीतरी म्हणणार होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि तेवढ्यात माझी वळकटी कुठं ठेवायची ते ठरूनही गेलं. आबा दाराशी उभा होता. त्याला मी नंतर मोठेपणी विचारलं, तू कावून गप बसलास? तो म्हणाला, "आमी तोडीला जाणार. पोरीला तिथं शाळा हाय, दोन वक्ताचं जेवण हाय, पक्कं छप्पर हाय. वंगाळ काय त्यात?" वंगाळ काय ते त्याला दाखवता येण्यासारखं नव्हतंच. मी तेव्हा जेमतेम कळती झालेली. मलाही वाटलं, देवाच्या दारात राहायचं, यापरीस मोठं काय.

बंगल्यावरची सकाळ चपलांच्या आवाजानं व्हायची. चट चट चट. तो आवाज ओसरीवर आला की मी उठलेली पाहिजे. मंदिर झाडायचं, सतरंज्या उचलायच्या, हौदावरून पाणी भरायचं, चूल पेटवायची, साहेबांचा बिनसाखरेचा चहा, बाईंचा दुधाचा. मग शाळा. हो, शाळेत मला बाईंनीच घातलं, माझ्या डोक्यातल्या उवा त्यांनी स्वतः फणीनं काढल्या, गणित त्यांनी शिकवलं, तेही चांगलं शिकवलं. हे लिहिलं नाही तर माझ्या तोंडात किडे पडतील. पण शाळेतून आलं की कपडे, दळण, पाहुणे. आमच्या बंगल्याला पाहुण्यांचा तोटा नव्हता. नगरहून, जालन्याहून, कुठून कुठून माणसं यायची आणि प्रत्येकाला मला दाखवलं जायचं. "हीच ती. चल बरं सुमे, यांना चालून दाखव." मी हातातलं पीठ पुसत ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. पाहुणे स्तुती करायचे. देवाची करायचे, माझी कशाला करतील. मग बाई म्हणायच्या, चहा टाक.

बाईंची एक आवडती गोष्ट होती. शुभवर्तमानात एक म्हातारी आहे. तापानं फणफणलेली. प्रभूनं हात धरून उठवलं, ताप गेला आणि ती लगेच उठून पाहुण्यांची सेवा करू लागली. बाई ही गोष्ट मला बायकांच्या सभेत सांगायच्या, स्वयंपाकघरात सांगायच्या, मी पायरीवर जरा टेकलेली दिसले की तिथंही सांगायच्या. "लगेच उठली हो ती. लगेच." मी त्या म्हातारीचा विचार आयुष्यभर केलाय. तिला कुणी म्हटलं असंल का, अगं बाई, आत्ता तर ताप उतरलाय, बस जरा, आज आम्ही हातानं वाढून घेतो? तिनं केलं ते तिच्या मनानं केलं असंल, मी नाही म्हणत नाही. मलाही करायचं होतं. पण माझ्या मनाला तशी संधीच मिळाली नाही. मला आभार मानायला जाग येण्याआधी चपला वाजायच्या.

सगळ्यात वाईट होतं ते पायांचं दुखणं. बरे झालेले पाय होते, लोखंडाचे नव्हते. थंडीत, किंवा मेळाव्याच्या स्वयंपाकात दिवसभर उभं राहिलं की पोटऱ्यांत गोळे यायचे. एकदा मी बाईंना बोलून बसले, पाय लई दुखायलेत. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला कोठीत नेलं. म्हणाल्या, "दुखतात असं परत म्हणू नकोस. लोक काय म्हणतील? प्रभूनं अर्धवट बरं केलं? तू साक्ष आहेस, सुमे. साक्षीनं कुरकुरायचं नसतं." तेव्हापासून मी रात्री पोटऱ्यांना फडकं आवळून बांधायचे आणि सकाळी सोडून टाकायचे. मायनं आणलेले ते लाकडी पाय तिथंच स्वयंपाकघरात होते. एक चुलीजवळच्या टेबलाच्या आखूड पायाखाली पाचर म्हणून बसवला होता, दुसरा वाऱ्यानं आपटणाऱ्या खिडकीला. मी रोज त्यांच्यावरून फडकं फिरवायचे. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं, मलाही वाटेनासं झालं.

दरसाल उन्हाळ्यात, तोडीची माणसं गावात परतली की मोठी उपकारस्तुतीची सभा व्हायची. मंदिरापुढं मांडव, लोखंडी पट्टीची घंटा, पेटी, ढोलकी, आणि मागं आम्ही बायका येसर मसाल्याची आमटी आणि भात उकळायला. तिखट वासानं सगळी वस्ती शिंकायची. मी आमटी ढवळायचा डाव खाली ठेवायचे, घाम पुसायचे, बाईंनी दिलेली पांढरी साडी नेसायचे आणि मांडवातून चालत पुढं जायचे. चालणं हीच माझी साक्ष. मग परत येऊन आमटी ढवळायची. बायका म्हणायच्या, तुझं नशीब थोर. माय पहिल्या रांगेत बसलेली असायची. माझ्या तोंडाकडं नाही, पायांकडं बघत. मी पाऊल टाकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

दहावी झाले त्या उन्हाळ्यात मला अंबाजोगाईहून निरोप आला. मोठ्या सिस्टरचा. मी तपासणीला गेले की तिला भेटायचे, तिच्या मागं मागं वॉर्डात फिरायचे, आणि एकदा मी तिला बोलून गेलते की मला तिच्यासारखं व्हायचंय. मला ते मनापासून व्हायचं होतं. माझे पाय जसे कुणी चोळले तसे मला कुणाचे तरी चोळायचे होते, त्याला रड म्हणायचं होतं. आभार मानायची माझी हीच रीत होती, हीच एक मला स्वतःला सुचलेली. सिस्टरनं सांगून धाडलं की नर्सिंगच्या मुली निवडायला साहेबलोक येणार आहेत, सकाळी वेळेवर ये, मी तुझं नाव बोलून ठेवलंय. आणि तो दिवस नेमका उपकारस्तुतीच्या दुसऱ्या दिवशीचा.

मी पाळकसाहेबांना विचारलं. ते झाडाखाली खुर्ची टाकून वाचत होते. त्यांचा चेहरा खरंच उजळला. "जा पोरी," म्हणाले, "ही पण सेवाच आहे. मी सांगतो हिला." त्यांनी सांगितलंही असावं, कारण त्या दिवसापासून बाई माझ्याशी एकदम गोड झाल्या, आणि मला भीती वाटू लागली.

सभेच्या दिवशी मी मांडवातून चालत गेले. पुढं पोचले तशी बाईंनी माझा हात धरून मला तिथंच थांबवलं. असं कधी करत नसत. माईकवर त्या बोलल्या, शांतपणे, त्यांच्या त्या स्वच्छ भाषेत. ही मुलगी तिच्या आईनं देवाला दिली आहे, तुम्ही सगळे साक्षी आहात. आता जग तिला बोलावतंय. पण देवाला दिलेलं जो परत घेतो, त्याच्याकडून देवही परत घेतो. म्हणून आज आपण सगळे म्हणू या की ही मुलगी या दारातून जाणार नाही. मी साहेबांकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते. आणि मग पहिल्या रांगेतून आवाज आला, "आमेन." खणखणीत. मायचा. तिच्यामागून सगळा मांडव म्हणाला, पण पहिला तिचा.

बाईंना मी कधीकाळी माफ करीनही. त्यांना हातपाय हवे होते, त्यांनी मिळवले, जगात हे चालतंच. त्या आमेनचं काय करायचं ते मला अजून समजलं नाही. मी तिची लेक होते.

सकाळी मी वळकटी बांधली. पहिली जीप फाट्यावरून दिवस उगवताना सुटायची. बंगल्याच्या दाराबाहेर पाऊल टाकलं तर माय पायरीवर आडवी. आदल्या दिवशीच्या लुगड्यावर, तशीच. तिला माहीत होतं मी जाणार. लेकीला नाही तर कुणाला ओळखणार ती. तिनं दोन्ही हातांनी माझे घोटे धरले.

"सुमे, जाऊ नगं. जातील गं पाय. मी बघितलेत तुझे मेलेले पाय, तू न्हाई बघितले."

"माय, सोड. त्यानं काही मागितलं न्हाई. साहेब तुला दवाखान्यात बोललेते, तू ऐकलं न्हाईस."

"साहेबाला काय ठाव. साहेब भोळा हाय. देव भोळा नसतो."

मी ओढत होते आणि ती सोडत नव्हती. कोयता धरणारे हात ते, सुटतात काय. मी रडले, शिव्या दिल्या, तिच्या शेजारी मटकन बसले. लांबून जीपचा हॉर्न ऐकू आला, एकदा, दोनदा, मग गेली. माय माझे घोटे चोळू लागली, जिथं तिनं आवळले होते तिथं. मागं चपलांचा आवाज आला. बाई चौकटीत उभ्या होत्या. त्या जिंकल्यासारख्या हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नेहमीसारख्या म्हणाल्या, "झालं ना? चल आत. मांडवाची भांडी पडलीत."

मी आत गेले. भांडी मात्र घासली नाहीत. टेबलाखाली वाकले, पाचर म्हणून बसवलेला तो लाकडी पाय ओढून काढला, टेबल कलंडलं आणि वरची दुधाची पातेली जमिनीवर आली. खिडकीचाही काढला. बाहेर येऊन दोन्ही पाय मायच्या ओटीत टाकले. म्हटलं, "हे घे. हे तुझ्या देवाचे. माझे मी नेते." या वेळी तिनं धरलं नाही. धरायला तिचे हात मोकळे नव्हते, ओटीतले पाय पडू नयेत म्हणून तिनं ते छातीशी धरले होते.

दुसरी जीप उन्हं डोक्यावर आल्यावर मिळाली. अंबाजोगाईला पोचले तोवर निवड उरकून साहेबलोक उठले होते. सिस्टर मला बघून आधी लई बोलली. मग पाणी दिलं. म्हणाली, पुढच्या साली बघू, तोवर इथंच आयाचं काम कर. पुढच्या सालाच्या आत तिची बदली झाली, नवीन आलेलीला मी कोण ते ठाऊक नव्हतं, आणि पोट तर रोज भरायचं होतं. सिस्टर व्हायचं होतं, मावशी झाले. लोकांची भांडी उचलली, चादरी बदलल्या, आणि कुणी बघत नसलं की लुळ्या पोरांचे पाय चोळले. बघत असलं की ते माझं काम नव्हतं. तिथल्याच एका शिपायाशी लग्न झालं, मुलगा झाला, जन्म गेला. पाय मात्र गेले नाहीत. एक दिवस गेले नाहीत.

ते गेले नाहीत याचं कारण मायच्या लेखी वेगळंच होतं. मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ती बंगल्यावर गेली. लाकडी पाय परत टेबलाखाली आणि खिडकीला बसवले आणि हौदावरून पाणी भरायला लागली. माझ्या बदली. तिनं तोड सोडली, आबा एकटा जायचा. मंदिर झाडणं, सतरंज्या, दळण, मेळाव्याची आमटी, सगळं तिच्याकडं. मी गावी जाऊन भांडले, हाताला धरून ओढलं. ती म्हणायची, "तू कावून बोलायलीस? तुझे पाय हायत ना जाग्यावर? मग झालं." बाईंनी तिला ठेवून घेतलं. का नाही ठेवणार. साहेब वारले, बाई म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली, तिचं हगणंमुतणं मायनं काढलं. बाईंना मूठमाती दिली त्या दिवशीही मंदिर झाडूनच माय कबरस्तानात गेली. लोक आजही मायचं नाव काढतात. काय सेवा, काय उपकारस्तुती. जे गोड बोलतात त्यांनी तिचे गुडघे बघितले नव्हते. मी तेल लावलंय त्यांना. डाळिंबासारखे तडकलेले.

अगदी शेवटी ती उठेना तेव्हा मी तिला माझ्या घरी आणलं. खाली गादी घातली, कारण पलंगाची तिला भीती वाटायची. मी गावी गेले की दरवेळी दारातच ती एक गोष्ट करायची, ती इथंही चालू राहिली. ख्याली नाही, खुशाली नाही. "सुमे, चाल बरं जरा." मी चिडायचे, पण चालायचे. एके दुपारी, सून स्वयंपाकघरात डाळ फोडणीला टाकत होती आणि सगळीकडं ठसका उठला होता, तेव्हा मायनं परत म्हटलं. मी दारापासून भिंतीपर्यंत गेले, वळले, आले.

"अजून एकदा."

मी परत गेले. ती म्हणाली, "फिटलं का गं आता?"

मला ओरडून सांगायचं होतं, काय फिटायचं होतं, माय? त्यानं कधी मागितलं होतं? तुझा जन्म गेला, माझं सिस्टर होणं गेलं, आणि तो बिचारा वर बसून म्हणत असंल, मी तर फुकट दिलं होतं. मी म्हटलं, "फिटलं, माय." खोटं बोलले. कडू लागलं, अजून लागतं.

"मग चाल," ती म्हणाली, "बघते जरा."

मी चालले. भिंतीपर्यंत, परत दारापर्यंत, परत भिंतीपर्यंत. वळले तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण माझ्यामागं फिरले नव्हते. जमिनीलगत, जिथून मी मघाशी गेले होते, तिथंच बघत राहिले होते. मी ते मिटले. मग तिच्याजवळ खाली बसले आणि बसूनच राहिले. आता हे पाय कुणाला चालून दाखवायचे नव्हते.